पेन शैलाकडे

वाटणीला बसण्याआधी पाच मिनिटं कुणी चकार शब्द काढायचा नाही, ही दिघ्यांच्या घरातली रीत. नंदूशी लग्नाला तीन वर्षं झाली तरी ती शिल्पाच्या पचनी पडली नव्हती. आताही ती एक डोळा किलकिला करून सगळ्यांकडे बघत होती, आणि ती बघतेय हे टेबलाशी बसलेल्या शैलाला मान वर न करताही कळत होतं. सगळा जन्म या शांततेत काढल्यावर कोण खरोखर गप्प आहे आणि कोण नुसतंच बोलत नाहीये, हे माणसाला ओळखता येतं. धाकटा भाऊ नंदू गप्प नव्हता, त्याला डुलकी लागली होती. आणि थोरली बहीण आशाताई खिडकीजवळ आईच्या खुर्चीत बसली होती. दुसऱ्या तीन खुर्च्या मोकळ्या होत्या. पण लेस्टरहून आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, ती नेमकी तिथेच जाऊन बसली होती. कुणाला न विचारता.

शैलाने बाबांच्या पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

आईला जाऊन तीन महिने झाले होते. घराचं जे व्हायचं ते जानेवारीत होऊन गेलं. गिऱ्हाईक मिळालं, तिघांनी सह्या केल्या, शैलाने किंग्ज हीथला दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. आता महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या आणि उरल्या होत्या त्या घरातल्या वस्तू. त्या कशा वाटायच्या ते बाबा जाण्यापूर्वीच एका ओळीत लिहून गेले होते : 'वस्तू मुलांनी आपल्या नेहमीच्या रीतीने वाटून घ्याव्यात.'

नेहमीची रीत म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. अठ्ठावन्न साली ज्ञानेश्वर दिघे नागपूरहून बर्मिंगहॅमच्या कारखान्यात आले, तेव्हा त्यांना खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. दार उघडलं ते एकट्या मिस विनिफ्रेड प्लमरने. पन्नाशीची, बिनलग्नाची, करड्या कपड्यांतली क्वेकर बाई. तिने खोली दिली, वर्षभराने दिघ्यांची बायको आली तेव्हा अख्खा वरचा मजला दिला, आणि मरताना घरच त्यांच्या नावावर करून गेली. दर रविवारी तिला सोबत म्हणून क्वेकरांच्या मीटिंगला, म्हणजे मूक प्रार्थनेला, जाता जाता दिघे कधी क्वेकर होऊन गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आईने मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटात गणपती ठेवला तो ठेवलाच. मुलांची विनीआजी रोज सकाळी दूध घ्यायला कपाट उघडलं की त्यालाही 'गुड मॉर्निंग' म्हणायची.

क्वेकरांच्या सभेत मतं मोजत नाहीत. सगळ्यांनी शांत बसायचं, ज्याला आतून वाटेल त्याने बोलायचं, आणि टेबलाशी बसलेल्या क्लार्कने सगळ्यांचं मन ओळखून तिथल्या तिथे नोंद लिहायची, मोठ्याने वाचायची. सगळे 'मान्य' म्हणाले की काम झालं. मग ती नोंद कुणाच्या बापाला बदलता येत नाही. दिघ्यांच्या घरात तर खुद्द बापालाही बदलता येत नसे. आणि एक नियम असा, की क्लार्कने स्वतःसाठी काही मागायचं नाही. मागायचंच असेल तर पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं, टेबलावरून उठायचं आणि चारचौघांसारखं खुर्चीत बसून मागायचं.

बाबांनी ही सभा घरातच आणली होती. सुट्टीत कुठे जायचं, मांजर पाळायचं का, रेडिओ किती वाजता बंद करायचा, सगळ्याच्या नोंदी व्हायच्या, त्याही मराठीतून, म्हणजे त्या निमित्ताने मुलींचं मराठी तरी सुधारेल. आणि पहिल्या दिवसापासून बाबा म्हणत, "पेन शैलाकडे. तिचं अक्षर चांगलं आहे."

आज सकाळीही तेच झालं होतं. इल्फर्डहून पोचता पोचता नंदू म्हणाला, "शैलाताईच लिहील ना? शी इज द रिअल क्लार्क." दोन वर्षं ती इथल्या मीटिंगची खरोखरीची क्लार्क होती, साठ माणसांची सभा सांभाळत होती. शैला सुखावली आणि टेबलाशी जाऊन बसली. आपल्याला या अख्ख्या घरातली एक वस्तू हवी आहे आणि हातात पेन असलं तर ती मागता येणार नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला वाटलं, मागायची वेळच येणार नाही. नऊ वर्षं आईचं सगळं जिने केलं, तिला आईची शाल कुणी मागायला लावील का? म्हणून तिने इतर वस्तूंबरोबर ती खाली मांडलीच नव्हती. वर स्वतःच्या पलंगावर ठेवली होती.

"झाली पाच मिनिटं," शैला म्हणाली. नंदू दचकून सरळ बसला.

सुरुवात छान झाली. विनीआजीचं उभं घड्याळ नंदूला हवं होतं.

"मी लहान असताना तो घड्याळ मला टाइम शिकवला," तो म्हणाला. "आणि आमच्या हॉलवेमध्ये तो बरोबर फिट होईल. शिल्पाने मेझर केलंय."

"ते घड्याळ," शिल्पा म्हणाली.

"तेच म्हणतोय ना मी."

घड्याळ नंदूला, मान्य. गणपती आशाताईला, कारण देवघर फक्त तिच्याकडे होतं. मान्य. विनीआजीचा ओकचा लांब बाक पुन्हा मीटिंग हाउसला. मान्य. शैला लिहीत होती, वाचत होती, आणि दर नोंदीनंतर सगळे थोडा वेळ गप्प बसत होते. शिल्पाला त्या मधल्या शांततेत काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती बोटातली अंगठी फिरवत बसली होती.

गाडी अडली ती पुरणयंत्रावर. पितळेचं, आईने पहिल्या खेपेला नागपूरहून आणलेलं, एक पाय जरा वाकडा.

"मला चालेल ते," शिल्पा म्हणाली. "म्हणजे, कुणाला नको असेल तर."

"मला हवंय," आशाताई म्हणाली.

आशाताईला मागता यायचं. लहानपणापासून यायचं. ती 'चालेल' म्हणत नसे, 'बघू' म्हणत नसे, सरळ 'हवंय' म्हणून मोकळी व्हायची आणि तिला ते मिळायचं. शैला आयुष्यभर याची चीड बाळगत आली होती आणि आयुष्यभर मनातून म्हणत आली होती की एकदा तरी आपल्याला असं जमावं.

"आशाताई, तुमच्याकडे फूड प्रोसेसर आहे ना मोठा?" शिल्पाने विचारलं.

"आहे. पण होळीला आई याच्यातूनच करायची. मी बाजूला उभी राहून दांडा फिरवायचे."

"मग ठीक आहे," शिल्पा म्हणाली, पण ते अशा आवाजात की ठीक काहीच नव्हतं. शैलाला साठ माणसांच्या सभेत असे आवाज ओळखायची सवय होती.

"एकमत दिसत नाहीये," ती म्हणाली. "पुरणयंत्र बाजूला ठेवू. शेवटी घेऊ." तिला स्वतःला त्याचं काहीच नव्हतं. तिने जन्मात कधी पुरण वाटलं नव्हतं. आईला पुरणपोळी खावीशी वाटली की आशाताईलाच फोन जायचा, आणि मग रविवारी आशाताई डब्यात पोळ्या आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून मिठाईचा आणखी एक डबा घेऊन यायची. महिन्यातून एक रविवार. त्या रविवारी आई सकाळपासून उजळलेली असे. औषध द्यायला येणाऱ्या नर्सला ती कौतुकाने सांगायची, "माय डॉटर इज कमिंग टुडे." तेव्हा शैला तिथेच पलंगाशी बसून आईच्या पायाची नखं कापत असे.

"आईची शाल कुठाय?" आशाताईने विचारलं.

शैलाचं पेन थांबलं.

"कुठली शाल?" नंदू म्हणाला.

"अरे, राखाडी. विनीआजीची. आईच्या अंगावर कायम असायची ती. इथे दिसत नाहीये. यादीत पण नाहीये."

क्वेकरांच्या घरात एक मोठी गैरसोय असते, खोटं बोलायची सवयच लागत नाही. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द शैलाच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच मेले.

"वर आहे," ती म्हणाली. "माझ्या खोलीत."

"तुझ्या खोलीत?"

"धुतली होती. वाळत घातली होती."

हे खरं होतं. फक्त ती तीन आठवड्यांपूर्वी धुतली होती, एवढं तिने सांगितलं नाही. आशाताईने तिच्याकडे नीट बघितलं. शैला वर गेली. पलंगावर ती घडी घातलेली होती, ना वेलबुट्टी ना काठ, साधी जाड लोकरीची शाल. एकोणसाठच्या जानेवारीत आई पातळावर दोन स्वेटर घालून कुडकुडत या दारात उतरली, तेव्हा विनीआजीने काही न बोलता स्वतःच्या खांद्यावरून काढून ती तिच्या खांद्यावर घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पुढची चव्वेचाळीस वर्षं आईने ती थंडीत उतरवली नाही. शैलाने ती नाकाशी नेली. धुतल्यामुळे आता तिला आईचा वास नव्हता, साबणाचा होता. आपणच तो धुऊन घालवला, या विचाराने तिला स्वतःचा राग आला. ती शाल घेऊन खाली आली आणि टेबलावर ठेवली, वहीच्या अगदी जवळ.

"हां, हीच," आशाताई म्हणाली. "ही मला हवीये."

इतकं सोपं.

"का हवीये, ते सांग," ती क्लार्कच्या आवाजात म्हणाली. क्लार्कने असं विचारायची काही गरज नसते.

"का म्हणजे? मला हिच्यात गुंडाळून हॉस्पिटलमधून घरी आणलं. फोटो आहे ना तो. मी फर्स्ट बेबी होते." आशाताई हसली. "आणि, आय डोंट नो, मला वाटतं ती माझीच आहे. तू रोज बघायचीस तिला, शैली. नऊ वर्षं आई तुझ्याजवळ होती. मला काय मिळालं? महिन्याचा एक संडे."

"तू कधीही येऊ शकत होतीस."

"ताई, क्लार्क आर्ग्यू नाही करत," नंदू हळूच म्हणाला.

शैलाने ओठ मिटले. नियम तिनेच त्याला शिकवला होता. "नंदू, तुझं काय म्हणणं?"

"आय डोंट माइंड. आशाताईला पाहिजे तर तो शाल तिला. तुला पण नकोय ना काही? तू अजून काहीच मागितलं नाहीस."

तू अजून काहीच मागितलं नाहीस. आणि या मुलाने ते कौतुकाने म्हटलं. शैलाला वाटलं, याच्या डोक्यात ते घड्याळ घालावं.

"शिल्पा?"

शिल्पा शैलाकडे बघत होती. पुण्याहून आलेल्या, या घरात अजून पाहुणी असलेल्या त्या मुलीच्या नजरेला काहीतरी दिसलं होतं. "शैलाताई, तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"मी क्लार्क आहे," शैला म्हणाली.

क्लार्कने आता लिहायचं होतं. शैलाने वही पुढे ओढली आणि तिला कळलं की हात चालत नाहीये. ते बघून आशाताई उठली. शैलाला वेळ लागतोय तोवर काही करावं म्हणून तिने साइडबोर्डचा खालचा खण उघडला, आतल्या जुन्या वह्या उपसल्या आणि एकदम ओरडली, "ओ माय गॉड, नंदू, बघ! घरच्या नोंदी! बाबांनी ठेवल्यात सगळ्या."

ती वही घेऊन पुन्हा आईच्या खुर्चीत बसली. "'मांजर पाळू नये असे सर्वांना वाटले. मांजर पाळावे असे मांजराला वाटते.' शैली, हे तू लिहिलंयस! नंदू, तू तेव्हा नव्हतास, बघ हिचं अक्षर किती सुंदर होतं. सेव्हन्टी-थ्री. नऊ वर्षांची होती ही." तिने पान उलटलं. "हे बघ, आमच्या इंडिया ट्रिपचं. 'आजी आजारी असल्यामुळे आई नागपूरला सहा महिन्यांसाठी जात आहे. तिकीट एकाच मुलीचे निघते. आईबरोबर आशाने जावे असे सर्वांना वाटले. सर्वांना मान्य. लिहिणार, शैला दिघे.' हाउ स्वीट!"

तिने वही उलटी धरून सगळ्यांना दाखवली. गोल गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही.

शैलाला ते पान बघायची गरज नव्हती. तो दिवस तिला पाठ होता. बाबा म्हणाले होते, दोघींपैकी कुणी जावं ते आपण शांतपणे बघू, पेन शैलाकडे. तिने कान देऊन सगळ्यांचं ऐकलं. विनीआजी म्हणाली, आशा मोठी आहे, मदत होईल. बाबा म्हणाले, खरं आहे. आई काही बोलली नाही. शैलाला वाटत होतं, आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही, आणि क्लार्कने मागायचं नसतं, म्हणून तिने सुंदर अक्षरात लिहिलं, वाचलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग विमानतळ. आई राखाडी शाल पांघरून निघाली आणि थंडी होती म्हणून तिने शालीचा अर्धा भाग आशाताईच्या डोक्यावरून घेतला. दोघी एकाच शालीत पाठमोऱ्या चालत गेल्या. शैला बाबांचा हात धरून बघत उभी होती. आपण त्या शालीच्या बाहेर राहिलो ते राहिलोच, असं तिला आजही, चाळिसाव्या वर्षी, अगदी शहाण्यासुरत्या बाईला शोभणार नाही इतकं वाटत होतं.

तिने पेनाचं टोपण लावलं. उठली. टेबलाला वळसा घालून आशाताईसमोर गेली आणि पेन पुढे केलं.

"हे काय?" आशाताई म्हणाली.

"तू लिही."

"मी? मी कशाला? तुझं अक्षर—"

"माझं अक्षर मरू दे," शैला म्हणाली. "मला शाल हवीये. टेबलाशी बसून मागता येत नाही. पेन घे."

नंदूच्या तोंडाचा आ झाला. शैलाताईने काहीतरी मागितलेलं त्याने आजवर ऐकलंच नव्हतं.

"पण मग नंदू लिहील—"

"नंदूला मराठी लिहिता येत नाही. शिल्पा या सभेत नवीन आहे. तूच."

आशाताईने पेन घेतलं. ते घेता घेता तिचा चेहरा बदलला, कारण ती काही मूर्ख नव्हती, आणि याच घरात वाढली होती. पेन हातात आलं की तोंड बंद. शैलाने फक्त शाल मागितली नव्हती, तिने आशाताईची मागणी तिच्या हातातून काढून घेतली होती, तीही अगदी नियमाने. आणि शैलाला ते करताना ठाऊक होतं. पेन देताना तिला जो आनंद झाला तो काही क्वेकराला शोभणारा नव्हता.

आशाताई टेबलाशी बसली. शैला आईच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती.

"बोल," आशाताई म्हणाली.

आणि शैला बोलली. नऊ वर्षांचं नाही बोलली, नखांचं आणि औषधांचं तर नाहीच. ती एकाच दिवसाबद्दल बोलली. "तुम्ही दोघी एका शालीत गेलात. मला कुणी विचारलं नाही. मी लिहीत होते ना. मला जायचं होतं, ताई. आईबरोबर मला जायचं होतं. तेव्हापासून मला ती शाल हवीये. तुझ्या डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटली होती. अजून वाटते."

या वेळची शांतता शिल्पालाही समजली, तिचं अंगठी फिरवणं थांबलं.

"मला जायचं नव्हतं," आशाताई म्हणाली.

"काय?"

"क्लार्क बोलत नाही, माहितीये मला. पण हे मी मागत नाहीये, फक्त सांगतेय. माझी नेटबॉल टीम होती. मी फर्स्ट टाइम सिलेक्ट झाले होते. मला पण कुणी नाही विचारलं. तू लिहून टाकलंस, सगळे मान्य म्हणाले, मी पण म्हणाले. तेरा वर्षांची होते, सगळे मान्य म्हणतात तेव्हा काय करणार?" तिचा आवाज जरा चिरकला. "तिथे आई दिवसभर आजीजवळ. माझ्या मराठीला मावश्या हसायच्या. आणि रात्री ती शाल आम्ही दोघी पांघरायचो आणि आई काय म्हणायची माहितीये? 'माझी शैली काय करत असेल? शैली जेवली असेल का?' सहा महिने. एव्हरी सिंगल नाइट. मी तिच्या शेजारी होते, आणि ती तुझ्याबद्दल बोलत होती."

शैलाला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपल्याला किती बरं वाटेल. तसं काही झालं नाही. पहिला विचार आला तो हाच, की आई आपल्याबद्दल जे बोलली ते ऐकायलासुद्धा हीच तिथे होती.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"का सांगू? तुझ्याकडे सगळं होतं. बाबा, विनीआजी, हे घर. मग आईसुद्धा."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींचे डोळे भरले होते आणि दोघींपैकी एकीलाही दुसरीला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं.

नंदूने घसा खाकरला. "मला वाटतं," तो म्हणाला, आणि मग शब्द शोधत थांबला. "शैलाताईने कधी काही नाही मागितलं. तिला द्यावा. द्यावी. ती शाल."

"मलाही तसंच वाटतं," शिल्पा म्हणाली.

आशाताईने मान खाली घातली आणि लिहायला सुरुवात केली. तिला वेळ लागला. मराठी लिहायची सवय गेली होती, मधेच ती थांबून एखादं अक्षर आठवत होती. शैला खुर्चीतून बघत होती. आपण लिहीत असताना बघत बसणाऱ्यांना असं वाटतं तर, तिच्या मनात आलं. नोंद एका ओळीची होती. आशाताईने दोन ओळी लिहिल्या.

"वाचते," ती म्हणाली. "'आईची राखाडी शाल शैलाला द्यावी, असे सर्वांना वाटले. आशालाही ती हवी होती.'"

नंदू गोंधळला. "असं लिहायचं अलाउड आहे का?"

सगळ्यांनी शैलाकडे बघितलं. खरी क्लार्क ती. नोंदीत फक्त निर्णय असतो, कुणाला काय हवं होतं ते नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. 'ते वाक्य काढ' एवढंच म्हणायचं होतं, की आशाताईला ते काढावं लागलं असतं.

"त्यात खोटं काही आहे का?" शैलाने विचारलं.

"नाही," आशाताई म्हणाली.

"मग राहू दे."

"मान्य?"

"मान्य," नंदू म्हणाला. "मान्य," शिल्पा म्हणाली.

शिल्पाने उठून शाल शैलाच्या मांडीवर आणून ठेवली. एकतीस वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती वस्तू मांडीवर होती, आणि शैलाची नजर वहीवरून हलत नव्हती. पाच शब्द. 'आशालाही ती हवी होती.' नव्हे, चारच शब्द. तिलाही तेव्हा चारच लागले असते. शैलालाही जायचं होतं. हे तर तीनच. नियमाने मागता येत नव्हतं, पण लिहिता आलं असतं. पेन तिच्या हातात होतं, सगळा जन्म तिच्याच हातात होतं, आणि हे तिला कधी सुचलं नाही. आशाताईच्या हातात ते पहिल्यांदा आलं आणि पाच मिनिटांत सुचलं. शैलाला त्या वाक्याचा असा काही हेवा वाटला की शालीचं मिळणं पार फिकं पडलं.

"शैली, तू राहिलीस," आशाताई म्हणाली. "मान्य?"

"मान्य."

आशाताईने खाली तारीख घातली, 'लिहिणार, आशा' असं लिहिलं आणि रुमालाने नाक पुसलं. मग पेन शैलापुढे केलं. "घे बाई तुझं पेन. बस इथे. अजून भांडी राहिलीयेत, ते पुरणयंत्र राहिलंय."

शैलाने शाल उलगडली, दोन्ही खांद्यांवरून नीट घेतली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "मला पुरणयंत्रही हवंय."